चांदणी खाली टांगली आहे

बावीस वर्षं एकाच माणसाची वाट पाहणं जमेल तुम्हाला? नार्नूरच्या मार्थाबाईनं पाहिली. "नाताळाला येतो, माय," म्हणून तिचा दौलत एकोणसत्तर साली आदिलाबाद स्टेशनातून गेला, तो गेलाच. तो घरी असताना टांगायची तशीच दर नाताळाला ती त्याच्यासाठी छपरावर कागदी चांदणी टांगत आली.

यंदा पास्टरबाबांनी समजूत घातली, "देवळात तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या शिमोनाच्या हातात म्हातारपणी का होईना, बाळ येशू आलाच ना?"

"त्याले देवानं वचन देल्लं होतं, बाबा. मले माह्या पोरानं."

आता तिचे हात छपराला पोचत नाहीत, म्हणून चांदणी दाराच्या कडीला आहे. पुढच्या वर्षी ती टांगायला आपण नसू, हे तिला कळतं. कानामागे भाजल्याचा डाग असलेला दौलत कुठं भेटला, तर एवढं सांगा त्याला: छपराकडे बघू नको, कडीकडे बघ.