शनिवारची खोली

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जपानमधल्या निशी-कसाईतल्या आमच्या वसाहतीच्या रहिवासी मंडळाने सामायिक सभागृह शनिवारी बंद ठेवण्याचा ठराव मंजूर केला. त्या खोलीत दर शनिवारी सकाळी मुलांचा मराठी वर्ग भरत असे. वर्ग घेणारी माझी शेजारीण पुण्याची. सभेला मी तिच्यासोबत गेले होते. ठरावाचं कारण साधं होतं. किल्ली सांभाळणारे आणि साफसफाई करणारे रहिवासी म्हातारे झाले होते आणि शनिवारची पाळी घ्यायला कोणी नव्हतं.

घरटी एक मत. हात वर झाले तेव्हा आमची बाजू थोडी पुढे होती. मग अध्यक्षांनी टेबलावरचा गठ्ठा उचलला. सभेला न येणाऱ्यांनी आपलं मत अध्यक्षांकडे सोपवल्याची ती पत्रं होती. ती सगळी ठरावाच्या बाजूने मोजली गेली. त्यांतली बरीच भारतीय घरांची होती.

संध्याकाळी लिफ्टपाशी शेजारणीला एक इंजिनिअर भेटला. त्याची मुलगी तिच्याच वर्गात होती.

"तुम्हीही सही केलीत?"

"अहो वहिनी, ते दरवर्षी येतं. मला वाटलं, येत नाही एवढंच कळवायचंय. सही केली, पेटीत टाकलं."

"म्हणजे स्वतःच्या मुलीचा वर्ग स्वतःच बंद केलात. अभिनंदन."

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

तिसऱ्या मजल्यावर एक जर्मन बाई राहतात. नवरा जपानी, स्वतः पूर्व जर्मनीत वाढलेल्या. सभेत आमच्या बाजूने त्यांचाही हात वर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. त्या सांगू लागल्या: त्यांच्या शहरात चळवळीची सुरुवात चर्चच्या मागच्या खोलीत झाली होती. नदीच्या घाण पाण्याबद्दल बोलायला मोजके लोक तिथे जमत, कारण बाहेर जमायला परवानगी नव्हती. पुढे माणसं रस्त्यावर आली, राजवट कोसळली आणि सत्तेतले व चळवळीतले एका टेबलाभोवती बसून निवडणुकीबद्दल बोलू लागले. पश्चिम जर्मनीत त्याआधीच अणुवीज प्रकल्पांना विरोध करणाऱ्या गावोगावच्या गटांमधले लोक एका नव्या पक्षात गेले आणि तो पक्ष संसदेत पोचला. मुंबईत वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना या घटनांवरचे लेख मी अनेकदा तपासले होते.

"आणि त्या खोलीत भांडण कशावरून व्हायचं, माहितेय?" बाई म्हणाल्या. "बैठक संपल्यावर खुर्च्या कोण उचलणार यावरून."

लेखांत खुर्च्या नव्हत्या.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही दारोदार गेलो. ते पत्र काय आहे हे प्रत्येक घरी समजावून सांगायचं आणि शनिवारची पाळी घ्याल का, असं विचारायचं. "पाळी म्हणजे काय करायचं?" "फरशी पुसायची, कचरा वेगळा करायचा, किल्ली परत द्यायची." "ह्यांना विचारून सांगते." एका घरी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. "इथेही झाडूपोछाच का गं?" असं त्यांनी सुनेला विचारलं. हिवाळा संपेपर्यंत हेच चाललं. शेवटी शेवटी माझी शेजारीण बेल वाजवण्याआधी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहत असे. वर्ग त्या वर्षभर जर्मन बाईंच्या दिवाणखान्यात भरला. मुलं कमी होत गेली.

यंदाच्या सभेत शेजारणीने ठराव मांडला: सभागृह शनिवारी उघडावं, पाळी भारतीय घरं घेतील. पाळी घ्यायला हो म्हणालेल्यांपैकी काहींची कंत्राटं संपली होती. ते भारतात परतले होते. त्यांच्या जागी आलेल्या कुटुंबांनी सही करून पत्र अध्यक्षांकडे आधीच दिलं होतं. इंजिनिअर मात्र आला होता. मागच्या रांगेत बसून त्याने हात वर केला.

मोजणीआधी अध्यक्षांनी तिला विचारलं, "पाळी नक्की कोण घेणार?"

"मी," ती म्हणाली. दुसरं कोणी पुढे आलं नाही.

तेव्हा अध्यक्षांनीच दुरुस्ती सुचवली: महिन्यातला पहिला शनिवार फक्त, एक वर्षासाठी. ती मंजूर झाली. त्यांच्या हातातला पत्रांचा गठ्ठाही या वेळी दुरुस्तीच्या बाजूने मोजला गेला.

मेच्या पहिल्या शनिवारी सभागृहात वर्ग भरला. इंजिनिअर मुलीला सोडून कामावर गेला. वर्गानंतर खुर्च्या उचलून फरशी शेजारीण, जर्मन बाई आणि मी अशा आम्ही तिघींनी पुसली आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी नेऊन दिली.