बाबांनी काढलेली पेन्सिल

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी पुण्यात एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायचो. पडद्यावर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आम्ही बनवत होतो. वरच्या कडेला बटणांची पट्टी होती: पेन्सिल, कात्री, खोडरबर. कुठलं बटण दाबलं की काय घडायचं, ते लिहिणं माझ्याकडे होतं.

बटणांवरची चित्रं बाबांची. मालवणच्या शाळेत चित्रकला शिकवून ते निवृत्त झाले होते, धामापूरला राहायचे. मे महिन्यात मी ग्राफपेपर घेऊन घरी गेलो; त्यातलं एक घर म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. ‘‘एवढ्याशा चौकोनात कात्री?’’ म्हणत त्यांनी पडवीत बसून एकेक घर काळं केलं. काचबिंदूने एक डोळा गेलाच होता. दुसऱ्याला भिंग लावून.

दिवाळीनंतर ते डोळे दाखवायला पुण्यात आले. आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर पडल्यावर बाबा एवढंच बोलले, ‘‘माका तुझ्या हापिसात घेवन चल. माझी पेन्सिल बघूची आसा.’’

पडद्यासमोर ते नाक काचेला टेकेल इतके वाकले.

‘‘खंय आसा रे?’’

‘‘ही काय, बाबा. हयसर.’’

मी माउस त्यांच्या हातात दिला, बाण पेन्सिलवर आणून ठेवला. त्यांनी दाबलं. बटण आत गेलं. पण हात थरथरत होता, बोट उचलेपर्यंत बाण बाजूला सरकला. काहीच झालं नाही. चुकून दाबणाऱ्याला माघार घेता यावी, म्हणून बाण बटणावर असतानाच बोट उचललं तर काम सुरू व्हावं, असं मीच लिहिलं होतं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

‘‘माका जमना नाय.’’

मग मी त्यांच्या हातावर हात ठेवला. पेन्सिल निवडली गेली, हात ओढला तशी रेघ उमटली.

‘‘ईली?’’

‘‘ईली, बाबा.’’

‘‘माका दिसना नाय. पण ईली मा?’’

दुसऱ्या सकाळी त्यांना एस.टी.त बसवून मी ऑफिसात गेलो आणि दाबताक्षणी काम व्हावं असा बदल केला. साहेबांनी बघितलं. ‘‘लोकांचा हात चुकतो. पूर्वीसारखं कर,’’ म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. मी पूर्वीसारखं केलं.

शिमग्याला घरी गेलो तेव्हा बाबांना काहीच दिसत नव्हतं. मी त्यांना हाताला धरून गावच्या तळ्यावर नेलं. पायरीवर बसल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘पाण्याचो रंग कसो आसा आज?’’

‘‘हिरवो.’’

‘‘कसलो हिरवो?’’

मी खालच्या पायरीवर उतरलो, नाक पाण्याला टेकेल इतका वाकलो.