चेहरा सोडून

डॉक्टरांना सगळं हॉस्पिटल ‘भिंग’ म्हणायचं, अर्थात पाठीमागे. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग ते जेवतानाही काढत नसत आणि घरी पाहुणे आले की त्यांची नजर पाहुण्यांच्या कोपरांवर. "अहो, माणसाच्या तोंडाकडे बघून बोलावं," असं बायको लग्न झाल्यापासून सांगत आली होती. त्यांच्याबरोबर शिकलेले सर्जन त्यांची टर उडवायचे, "तुझं बरं आहे लेका! कातडीचे पेशंट, मरायची भीती नाही!" डॉक्टर हसून सोडून द्यायचे. पण त्यांच्या वॉर्डात माणसं मरत होती.

मरत होती ती फोडांच्या एका आजाराने. शरीर आपल्याच कातडीवर उलटतं, अंगभर पाण्याचे फोड उठतात, आणि ते फुटले की भाजल्यासारखी सालं निघतात. डॉक्टर नवखे असताना या आजाराने एक शाळामास्तर त्यांच्या डोळ्यांदेखत तीन आठवड्यांत गेला. तेव्हापासून ते हात धुऊन या आजाराच्या मागे लागले होते. सकाळी ओपीडीची झुंबड, दुपारी कोपऱ्यातल्या खोलीत संशोधन, अशी सत्तावीस वर्षं गेली. त्या खोलीत भिंतीला करडं कापड, जमिनीवर पाय ठेवायला चिकटपट्टीच्या दोन खुणा आणि तिपाईवर कॅमेरा. दर भेटीला तेच अंतर, तोच उजेड, पाठीपासून तळपायांपर्यंत तेच फोटो.

चेहरा मात्र नाही. हा नियम डॉक्टरांनीच केला होता. एकदा परिषदेत दाखवलेल्या फोटोवरून एका मुलीला नात्यातल्या कुणीतरी ओळखलं आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं. डॉक्टरांनी ते मनाला लावून घेतलं. त्यानंतर कागदावर माणूस म्हणजे फक्त एक आकडा.

चौदा नंबर अकरा वर्षं येत होती. आली तेव्हा बावीस वर्षांची, कपडे शिवणारी, गालापर्यंत ओढणी ओढलेली. "चेहरा येणार नाही ना? मग काढा की हवे तेवढे," म्हणाली होती. डॉक्टरांनी तिच्यासाठी जंग जंग पछाडलं. एक औषध चाले, मग चालेनासं होई. शेवटी नवीन औषधाच्या अभ्यासात तिला घेतलं, आणि पाच महिन्यांत ती स्वच्छ झाली. पाठीवर एक फोड नाही! डॉक्टर त्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले. पुढच्याच महिन्यात तिला ताप भरला. त्या औषधाने अंगातली रोगाशी लढायची ताकद दबलेली असतेच. तापाने छाती धरली आणि चौथ्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी तक्त्यात ‘मृत्यू’ या शब्दापुढे एकचा आकडा लिहिला आणि नंतर कितीतरी वेळ पेन हातातच राहिलं.

महिन्याभराने तिची आई आली. हातात रिकामी फ्रेम.

"डॉक्टर, तुमच्याकडे तिचे खूप फोटो आहेत म्हणे. एक द्याल? घरात एकही नाही हो. आजारी पडल्यापासून कुणाला काढू दिला नाही. शाळेतला आहे एक, दोन वेण्यांचा. पण ती काय माझी आत्ताची लेक?"

काहीतरी देता येतंय याचाच डॉक्टरांना इतका धीर आला की ते बोलून बसले, "आहेत की, ताई! दोनशेच्या वर आहेत. बसा तुम्ही."

त्यांनी कॉम्प्युटर उघडला. पाठ, दंड, मांड्या, तळपाय. एक उघडं तोंड होतं, पण तेही ओठांच्या आतलं. कुठल्या महिन्यात किती टक्के अंगावर फोड होते, हे त्यांना तोंडपाठ होतं. डोळे मिटून तिचा चेहरा आठवायला गेले, तर डोळ्यांपुढे तिचा डावा खांदा आला. अकरा वर्षं! डॉक्टरांना स्वतःची शिसारी आली.

शेवटच्या फोटोपाशी, त्या स्वच्छ पाठीपाशी, त्यांचा हात थांबला. ती त्या दिवशी म्हणाली होती, "आज चेहऱ्याचाही एक काढा ना." आणि ते म्हणाले होते, "नियमात बसत नाही, पोरी."

खोटं बोलणं सोपं होतं. फोटो खराब झाले म्हटलं असतं तर बाई मुकाट्याने उठून गेल्या असत्या. पण डॉक्टरांच्याने ते होईना.

"ताई, एकाही फोटोत तिचा चेहरा नाही. शेवटच्या भेटीत तिने स्वतःहून मागितला होता. मीच नाही म्हणालो."

बाईंनी फ्रेम उलटी करून मांडीवर ठेवली. आता त्या शिव्या देतील, अशी डॉक्टरांनी वाट पाहिली. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तिने मागितला?" बाई म्हणाल्या. "स्वतःहून?"

"हो."

"म्हणजे आवडायला लागली होती स्वतःला." बाईंचे डोळे भरून वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. "मागताना हसत होती का हो?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "हसत होती."

बाईंनी दोनदा मान हलवली, फ्रेम पिशवीत घातली आणि त्या उठल्या. डॉक्टर दारापर्यंत गेले. ती हसत होती की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या वेळी ते भिंग लावून तिची पाठ बघत होते.