गाडीच्या पूजेचा फोटो

ईशान, रेवा — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. अगदी ते जाईपर्यंत नाही.

तुम्ही सगळे अमेरिकेत ॲन आर्बरला माझ्याकडे राहत होतात, तेव्हाची निळी गाडी आठवते? फोनवरून दारं उघडणारी, थंडीत घरातूनच गरम करता येणारी? ती आली त्या दिवशी मी पूजा केली. मला सगळं नीटनेटकं लागतं. गाडीचं म्हणून जे जे होतं ते बॉनेटवर ओळीने मांडलं — किल्ल्या, कागद, आणि ॲपचा पासवर्ड मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवला होता, ते कार्ड. प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. फोटो काढला, तिथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यातल्या किती जणांना मी ओळखत होते?

पुढच्याच आठवड्यात, पोहण्याच्या क्लासबाहेर, तुम्हाला गाडीत बसवून तुमची आई काचेवरचा बर्फ खरवडत होती. किल्ली, फोन, सगळं पर्समध्ये, आणि पर्स आत. अचानक दारं लॉक झाली, हॉर्न वाजायला लागला, थांबेचना. तुम्ही आत रडताय, ती बाहेरून काच बडवतेय — पोलीस येईपर्यंत. कंपनीने सांगितलं, कुणीतरी बरोबर पासवर्ड टाकून ॲपमध्ये शिरलं होतं. गाडी कुठे उभी आहे, हेही त्याला दिसत असणार.

“अगं, दिलास कुणाला पासवर्ड?” तुमचे बाबा तिच्यावर ओरडले.

“कुणालाच नाही रे! शपथ!”

मला त्याच क्षणी कळलं होतं. वर जाऊन कार्ड फाडलं. ग्रुपवरचा फोटो मात्र निघेना — आजही तो कुणाच्या फोनमध्ये असेल? मग खाली आले. नुसती गप्प बसले असते तरी — पण मी म्हणाले, “आजकालच्या मुलींच्या पोटात काही राहतच नाही.”

का म्हणाले? भीती? की ‘आईंचं सगळं चोख’ हे ऐकायची सवय? तुम्हाला घेऊन गाडी चालवणं तुमच्या आईने सोडलं. तुम्ही अजून चिडवता, “मॉम, डोंट टेल एनीवन!” — आणि व्हिडिओ कॉलवर मीही हसते.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. माझी पत्रं तीच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवते. हेही तीच वाचत असेल. म्हणून स्वच्छ लिहिते — तुमच्या आईने पासवर्ड कुणालाही दिला नव्हता. मी दिला, आणि नाव तिचं घेतलं.