काठीवरचं लाल फडकं

सातुर्निनाच्या दारात लांब काठीला लाल फडकं लागलं, की आत मक्याची आंबवलेली दारू, चिचा, तयार आहे हे उरुबांबाच्या वाटेवर कुणाला सांगावं लागत नसे. फडकं उतरलं, की संपली. एकेकाळी ते दुपारीच उतरायचं. आता गावचे शेतकरीसुद्धा समोरच्या फेलिसितासच्या दुकानात बाटलीतली थंड बिअर पितात, आणि इकडे चिचा हंड्यात आंबट होऊन जाते.

एकटा बेनिग्नो म्हातारा नेमाने यायचा. पहिला घोट धरणीला ओतायचा, स्वतः प्यायचा, मग पेला भरून सातुर्निनापुढे धरायचा. चिचा काय एकट्याने प्यायची चीज आहे? पण मुलाने त्याला दूर आरेकिपा शहरात राहायला नेलं. "बटाटे निघायला लागले की येईन. फडकं लावून ठेव, सातुका," असं सांगून तो गेला. बटाटे निघू लागले, तशी ती हंड्यामागून हंडा लावत रोज दारात बसू लागली. तिला त्याची फार आठवण यायची.

त्या दिवशी एका गाइडने प्रवाशांचा घोळका आणला. "मावशी, थोडीच दे हं. नाजूक पोटं आहेत यांची."

त्यांनी पेल्यांचे फोटो काढले, ओठ लावले, तोंडं वाकडी केली आणि पेले बाकावर तसेच ठेवून निघून गेले. धरणीला घोट देणं तर दूरच राहिलं.

फेलिसितास रस्त्यापलीकडून सगळं बघत होती. "अगं सातुका, फडकं विरायला आलं, पण हंडा काही आटेना. एखादी बाटली पाठवू का?"

हे मात्र सातुर्निनाच्या जिव्हारी लागलं. तिने काठी उपसून आत घेतली.

"संपली सगळी," ती ठसक्यात म्हणाली. हंडा गळ्यापर्यंत भरलेला होता. मग ती मागच्या परसात रस्त्याकडे पाठ करून बसली, ती अंधार पडेपर्यंत.

सकाळी फेलिसितास दारात आली.

"काल दिवस मावळताना बेनिग्नो येऊन गेला. मुलाची गाडी थांबवली होती इथे. काठी नाही बघून खूश झाला बिचारा. म्हणाला, सातुकाचे दिवस पालटले."

"मला हाक नाही मारलीस?"

"संपली म्हणून तूच सांगितलंस ना?"

ती गेल्यावर सातुर्निनाने पेला भरला. धरणीला तिचा घोट दिला, स्वतः प्यायली. मग सवयीने पुन्हा पेला भरला आणि रिकाम्या बाकापुढे तसाच धरून उभी राहिली.