आईसाठी निवडलेलं रिव्हॉल्व्हर

माझा मामा सत्तावीस वर्षं बंदुकांच्या दुकानात विक्रेता होता आणि आयुष्यात त्याने एकही गोळी झाडली नव्हती. हे तो ताठ मानेने सांगायचा. बाजारात त्याला सगळे 'दमानं' म्हणत, कारण गिऱ्हाईक कितीही घाईत असो, मामाचा पहिला शब्द तोच. कोणी मिशीला पीळ देत आला आणि हलका चाप मागायला लागला, की मामा म्हणायचा, "साहेब, हलका चाप आणि गरम डोकं एका घरात ठेवू नये." तरी गिऱ्हाईक रागावून जायचं नाही. माल दाखवण्यात त्याचा हात धरणारा बाजारात कोणी नव्हता.

तो दोन रिव्हॉल्व्हर कापडावर शेजारी ठेवायचा. "हे सिंगल ॲक्शन. आधी अंगठ्याने मागचा घोडा ओढायचा, मग चाप दाबायचा. चाप इतका हलका की शिंकलात तरी सुटेल. आणि हे डबल ॲक्शन. नुसता चाप ओढा, घोडा आपणहून मागे जाऊन आपटतो. पण ओढ लांब, जड. तेवढ्यात माणसाला शहाणपण सुचतं." घरात ठेवायला तो कायम डबल ॲक्शनच द्यायचा.

मग आमच्या गल्लीत भरदिवसा दोन घरं फुटली. दुसऱ्या घरातल्या म्हातारीचं डोकं फोडलं. बाबा छापखान्यात, मी कॉलेजात, आई दिवसभर एकटी शिवणयंत्रावर. तिचा जीव टांगणीला लागला, घरात रिव्हॉल्व्हर ठेवायचं तिने मनात घेतलं. बाबा म्हणाले, "ते हत्यार घरात नको." पण आईने ऐकलं नाही, परवाना काढला आणि मला घेऊन भावाच्या दुकानात गेली.

आईच्या बोटांचे सांधे सुजलेले. डबल ॲक्शनचा चाप तिला ओढवेना. चार वेळा प्रयत्न केला, नळी खाली झुकायची, चाप अर्ध्यात अडायचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, मला नाही जमायचं."

मामाने पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडला. सिंगल ॲक्शन तिच्या हातात दिलं. आईने दोन्ही अंगठ्यांनी घोडा ओढला, चाप दाबला. टक. रिकामंच होतं. परत ओढला, परत टक. वीसेक वेळा झालं असेल. "बघ, जमलं की गं," मामा म्हणाला. तो इतका खूश झाला होता की मलाही बरं वाटलं.

तीन आठवड्यांनी बाबांना छापखान्यात ताप भरला आणि ते दुपारीच घरी आले. मागच्या दाराचं कुलूप अडकत होतं, ते किल्ली खटखटवत बसले. आईने खणातून भरलेलं रिव्हॉल्व्हर काढलं आणि घोडा ओढला. दार उघडलं तर बाबा. आईला हायसं वाटलं. आता हे बंद करावं म्हणून तिने नळी थोडी खाली केली आणि दुकानात शिकली होती तसं केलं. चाप दाबला.

बाबा संध्याकाळपर्यंत गेले.

भरलेल्या रिव्हॉल्व्हरचा ओढलेला घोडा अंगठ्याने धरून हळूहळू उतरवायचा असतो. दुकानात माल रिकामा, तिथे सगळे टक करूनच उतरवतात. मामाचीही तीच सवय. भरलेलं त्याने कधी हातात धरलंच नव्हतं, त्यामुळे बहिणीला हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

पोलिसांनी अपघात असं लिहिलं. नातेवाईक म्हणाले, बाई भांबावली. आईनेही तेच धरलं. मामा वर्षभर दर आठवड्याला येऊन तिच्यासमोर बसायचा, ती स्वतःला दोष द्यायची आणि हा खाली मान घालून ऐकायचा. दुकानात काय शिकवायचं राहिलं ते मी पाहिलं होतं, माझं डोकं फिरायचं. शेवटी मी त्याला जिन्यात अडवलं. "तू सांगतोस की मी सांगू?"

तो वर गेला आणि बहिणीला म्हणाला, "तुझी चूक नाही. घोडा उतरवायला मी तुला शिकवलंच नव्हतं."

आई शिवत होती. हात थांबले. "हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"वर्षभर मी स्वतःला नवऱ्याची मारेकरी म्हणत होते, दादा. आणि तू इथे बसून चहा पीत होतास."

मामा रडायला लागला. आईने त्याला गप्प केलं नाही, ती रागावलीही नाही. "चाप तर मीच दाबला ना?" एवढंच म्हणाली आणि परत शिवायला लागली.

मामा त्यानंतर आला नाही, तिनेही बोलावलं नाही. मला वाटलं होतं, खरं कळलं की आईचं ओझं उतरेल. ते तसूभरही उतरलं नाही. तिचा नवरा गेला होता, माझ्या हट्टापायी भाऊही गेला.