खाली न टेकलेली वीणा

ह्यांनी आधी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि मग ते पडले. मारुतीच्या समोर, फरशीवर. डोळे उघडे, तोंडातून लाळ, आणि बोलायचं होतं ते घशातच अडकलेलं. सगळे वर गच्चीवर पंगतीला बसले होते, भोंगा चालू होता, माझी हाक कोणाला ऐकू जाणार? मी खाली वाकले नाही. सप्ताहाची वीणा एकदा उभी राहिली की सात दिवस जमिनीला टेकवायची नाही, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. नवरा पायाशी पडलेला आणि मी वीणा सांभाळत उभी. तेवढ्यात उंबरठा ओलांडून एक माणूस धावत आत आला. नेमका तोच, ज्याला मी चार दिवस आत पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

त्याचं नाव नादिर. अफगाणिस्तानातून जीव घेऊन पळून आलेला चित्रकार. नेरूळला आमच्या मंदिराला लागून समाजमंदिराचा हॉल आहे. कॉलेजच्या मुलामुलींनी तिथे त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं, तेही आमच्या सप्ताहाच्याच आठवड्यात. मी बघायला गेले ती आवडीने नाही. शेजारी कोण येऊन बसलंय ते बघून घ्यावं म्हणून गेले. सगळी चित्रं कोळशाने काढलेली. हात डोक्यापेक्षा मोठे, डोळे खोल गेलेले, तोंडं वाकडी. एक बाई पाठीवर दरवाजा घेऊन चालली होती. नुसता दरवाजा, घर नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण माणसाचं तोंड सरळ असतं एवढं मला कळतं. मी माझ्या हिंदीत विचारलं, "सबका मुँह टेढ़ा कायको रे?" तो म्हणाला, "माँजी, दुख में ऐसा ही दिखता है." मला असली उत्तरं पटत नाहीत. मंदिराची देखरेख माझ्याकडे, म्हणून परत आले आणि आधी मारुतीचा चांदीचा मुकुट कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

दुसऱ्या दिवसापासून तो मंदिराच्या बाजूच्या दाराबाहेर बसून ह्यांचंच चित्र काढायला लागला. दुपारचा पहारा ह्यांचा असायचा, म्हणजे तेवढा वेळ वीणा ह्यांच्या गळ्यात. हे मार्केटमध्ये माथाडी होते, जन्मभर गोणी वाहिली, त्यामुळे उभं राहण्याचं त्यांना काही वाटत नाही. वीणेकरी देवाकडे तोंड करून उभा राहतो. मागच्यांना दिसते ती पाठ. चेहरा दिसायचा फक्त बाजूच्या दारातून, आणि तिथे हा बसलेला. आमच्या गावाकडे म्हणायचे, माणसाचं चित्र काढत राहिलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी सप्ताह चालवणाऱ्या बुवांना सांगितलं, "बुवा, त्याला तिथून उठवा."

"अहो काकू, मारुतीला अडचण नाही, तुम्हाला कसली?"

"चोरी झाली तर पोलीस मला विचारतील, मारुतीला नाही."

बुवा हसले. हेही हसले. म्हणाले, "काढू दे गं. एवढी वर्षं गोणी वाहिली, तेव्हा कोणी मान वर करून बघितलं नाही. आता कोणी बघतंय तर तुझं पोट दुखतंय."

हे पडले त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं होतं. ह्यांना रक्तदाब आहे, पहारा दुसऱ्याला द्या म्हटलं तर ऐकेनात. मी रागाने स्वयंपाकात शिरले ती पंगतीपर्यंत बाहेर आलेच नाही. दुपारी नैवेद्य झाला, मी ओवलेली तुळशीच्या मण्यांची नवी माळ बुवांनी ह्यांच्या गळ्यात घातली आणि सगळे वर जेवायला गेले. मी वाढत होते. पहिली पंगत अर्धी झाली तेव्हा ह्यांना पाणी द्यावं म्हणून खाली उतरले. नादिर दारात कागद घेऊन उभाच होता. "माँजी, देखो, देखो." बघते तर ह्यांचं चित्र आणि तोंड एका बाजूला ओघळलेलं. माझं डोकं फिरलं. "मेरे आदमी का भी मुँह टेढ़ा किया? शरम नहीं आती?"

"मैंने नहीं किया, माँजी. अभी हुआ है. उनको देखो!"

मला वाटलं, हा सगळ्यांचीच तोंडं वाकडी काढतो, आता वर नाटक करतोय. तरी आत गेले. डावा गाल खाली आला होता, डावा हात लोंबत होता. ह्यांनी मला पाहिलं, उजव्या हाताने वीणेचा पट्टा काढून माझ्या गळ्यात घातला आणि खाली कोसळले.

नादिरने ह्यांना खांद्यावर टाकलं. "माँजी, वो रख दो, चलो!"

"नहीं रखेगी!"

तशीच वीणा घेऊन रिक्षात बसले. वीणेचं टोक बाहेर, ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर. वाटेत त्याने रिक्षावाल्याला भलतीकडे वळायला सांगितलं तशी मी ओरडले, "किधर ले जाता है?" तो म्हणाला, "उधर रास्ता खुदा है, माँजी." खरंच खोदलेला होता. पण मी त्याच्यावरची नजर काढली नाही.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीण होती. म्हणाली, "आजी, मेंदूत गुठळी असेल तर विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण ते पहिल्या काही तासांतच देता येतं. आजोबा शेवटचे नीट कधी दिसले?" सकाळपासून मी त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. माळ घालणारे बुवा इथे नव्हते, बाकीच्यांनी पाठ पाहिली होती. तेव्हा नादिरने शर्टाच्या आतून घडी केलेले कागद काढले. एकात तोंड वाकडं, तेच मला दाखवलेलं. त्याच्या आधीच्यात तोंड सरळ, आणि गळ्यात तुळशीची माळ. प्रत्येक मणी काढलेला, मधला मोठा मणीसुद्धा.

"ही माळ नैवेद्याला घातली," मी म्हटलं. "त्याला तास झाला नाही."

"चित्रावर मी कसं जाऊ, आजी? माळ नक्की तीच?"

"मी ओवली आहे. नक्की."

ती पळालीच. आधी डोक्याचा फोटो काढला, मग इंजेक्शनची तयारी. नर्स मला म्हणाली, "तुम्ही आत चला, पण हे वाद्य नाही चालणार." मी इकडेतिकडे पाहिलं. ओळखीचं कोणी नाही. तोच एक, कोळशाने काळे झालेले हात घेऊन उभा. ज्याच्या भीतीने मी देवाचा मुकुट कुलपात ठेवला होता, त्याच्यापुढे मी वीणा धरली. "नीचे नहीं टेकने का. कुछ भी हुआ तो." त्याने मान वाकवली, मी पट्टा घातला. आत जाताना मनात म्हटलं, मारुतीराया, आता नवराही तुझा आणि वीणाही तुझी. माझ्या हातात काही उरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी असं म्हटलं, आणि तेही नाइलाजाने.

बाहेर आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाकडं रिकामं. गेला वीणा घेऊन, म्हणजे माझी शंका खरी होती! मग खांबाआड दिसला. उभा होता. एका पायावर भार, मान थोडी कलती, बोट तारेवर. अगदी हे उभे राहतात तसा. चार दिवस बघून त्याने तेवढं उचललं होतं. मी तिथेच भिंतीला टेकले.

बातमी कळून बुवा हॉस्पिटलात आले. वीणा घेताना आमच्यात एकमेकांच्या पाया पडतात. बुवा वाकले तसा तोही वाकला. मंडळातले एक-दोघे नंतर कुरकुरले, की सप्ताह मोडला. बुवांनी विचारलं, "वीणा टेकली का जमिनीला? नाही ना? मग जेवून घ्या."

मी याला चमत्कार म्हणणार नाही. देव त्याच्या रूपात आला, असंही म्हणणार नाही. तो नादिर आहे, चहात चार चमचे साखर घालतो आणि आमच्या घरी येतो तेव्हा चपला आडव्या काढतो. मुकुटाची किल्ली अजून माझ्या कमरेलाच आहे. पण हातातलं सोडायची वेळ आली की समोर कोण उभा आहे ते आपण ठरवत नाही, एवढं मला कळलं. त्याच्यासाठी रोज एक दिवा जास्त लावते. हे त्याला सांगितलेलं नाही.

ह्यांचा डावा हात जड आहे आणि तोंड अजून थोडं वाकडं आहे. हे वाचले.